मी काहीच केलं नाही

‘डाटा ठेवाचा का उडवाचा?’

नागपुरात सीताबर्डीवर, मोदी नंबर दोन या गल्लीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली आठ बाय दहाचं एक दुकान आहे. तिथं हा प्रश्न दिवसभर विचारला जातो. विचारणाऱ्याची मान वर होत नाही, हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबत नाही. चहा कटिंग की फुल, इतक्याच सहजपणे तो विचारतो. समोरच्या माणसाच्या पोटात मात्र गोळा येतो. ‘डाटा’ या दोन अक्षरांत त्याचं नेमकं काय काय आहे, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊकच नसतं.

२०२५चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्यानंतर चार दिवसांनी मी मामांना घेऊन त्या दुकानात गेले. मामा सरकारी खात्यातून निवृत्त, राहायला रेशीमबागेकडे. दरवर्षी दसऱ्याला घरातल्या शस्त्रांची पूजा होते तेव्हा विळी, पाना, शिलाई मशीन यांच्या रांगेत त्यांचा कॉम्प्युटरही बसतो. म्हणून काउंटरवर ठेवलेल्या सीपीयूवर कुंकवाचं बोट अजून ताजं होतं आणि वरच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. दुकानदारानं ब्रशनं धूळ झटकली, पाकळी उचलून बाजूला ठेवली, पण कुंकवाला हात लावला नाही.

‘काय झालं काका?’

‘मी काहीच नाही केलं न बाप्पा. अपडेट होऊन राहिलं होतं. म्हणून मी हात न लावता बसून होतो.’

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. ‘काका, माझ्या दुकानात येणारा हरेक माणूस हेच सांगते. ‘मी केलं’ म्हणणारा एक गिऱ्हाईक अजून भेटला नाई.’

आम्ही तिघंही हसलो. पुढच्या दहा मिनिटांत हसू ओसरलं. त्यानं मामांची हार्ड डिस्क काढली आणि केबलनं स्वतःच्या एका जुन्या मशीनला जोडली. त्या मशीनला ना इंटरनेट, ना दुकानातल्या इतर कॉम्प्युटरशी संबंध. ‘आलेल्या पेशंटला घरच्यांच्या ताटात जेवू नाई घालत,’ तो म्हणाला. फोल्डर उघडलं. आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो जागेवर होते, नावंही तीच होती. फक्त प्रत्येक नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि एकही फोटो उघडत नव्हता. सोबत प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी. मजकूर साधा: तुमच्या फाइल्सना कुलूप लावलं आहे, किल्ली ९८० डॉलरला मिळेल, ७२ तासांत बोललात तर निम्म्यात.

खंडणी मागणाऱ्या व्हायरसची ही ‘स्टॉप’ किंवा ‘डिजेव्हू’ म्हणून ओळखली जाणारी जात. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला ती फारशी जात नाही, तिचं गिऱ्हाईक म्हणजे मामांसारखी घरं. ती येते फुकटच्या सॉफ्टवेअरमधून. मामांना पेन्शनच्या एका पीडीएफमध्ये दुरुस्ती करायची होती. शेजारच्या मुलानं ‘क्रॅक’ केलेला एडिटर शोधून दिला. तो बसवण्याआधी पडद्यावर सूचना आली: आधी अँटीव्हायरस बंद करा. मामांनी बंद केला. चोरानं निरोप धाडावा की कुत्रं जरा बांधून ठेवा, आणि घरधन्यानं ते बांधावं, तसंच झालं. मग पडद्यावर विंडोज अपडेटची निळसर खिडकी आली, टक्के सरकू लागले. ती खिडकी खोटी होती. तिच्या आड फाइल्सना एकेक करून कुलूप लागत होतं. आणि मामा खरोखरच काहीही न करता समोर बसून होते.

*

हा ‘मी काहीच केलं नाही’चा दावा व्हायरसइतकाच जुना आहे. एके काळी तो बराचसा खराही होता.

घरगुती संगणकांच्या दुनियेत पहिला गाजलेला व्हायरस १९८६ सालचा ‘ब्रेन’. तो लाहोरचा. अल्वी आडनावाच्या दोन भावांनी आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवायचा म्हणून तो लिहिला आणि त्यात चक्क स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर टाकून ठेवला. फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात तो दडून बसे. फ्लॉपी आत ठेवून मशीन सुरू केलं की लागण. त्यात वापरणाऱ्याचा दोष एवढाच की त्यानं मित्राची फ्लॉपी घेतली.

मग आला ‘मायकेलअँजेलो’. तो वर्षभर गप्प पडून राहायचा आणि ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसायचा. १९९२ साली जगभर लाखो संगणक बंद पडणार अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात नुकसान काही हजारांवर थांबलं, पण तोवर व्हायरस हा शब्द घराघरांत पोहोचला होता.

महाराष्ट्रात या भीतीतून एक धंदा उभा राहिला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले होते. पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांपैकी अनेकांचं दुखणं तारेत किंवा चिपमध्ये नसून व्हायरसमध्ये आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होता. तो गिऱ्हाइकांच्या मशीनसाठी एकेका व्हायरसवर उतारा लिहू लागला. या उताऱ्यांचं १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ झालं आणि फेब्रुवारी २०१६मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. आपल्याकडचा अँटीव्हायरस प्रयोगशाळेत जन्मला नाही. ‘डाटा ठेवायचा का?’ असं विचारणाऱ्या एका काउंटरमागे तो जन्मला.

सीताबर्डीच्या आमच्या दुकानदाराची आठवण २६ एप्रिल १९९९पासून सुरू होते. तेव्हा तो दुसऱ्याच्या दुकानात शिकाऊ होता. तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला ‘सीआयएच’ त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या दुर्घटनेची तीच तारीख, म्हणून त्याला ‘चेर्नोबिल’ही म्हणत. तो डिस्क पुसायचाच, शिवाय कित्येक मदरबोर्डांवरच्या बायोसच्या चिपमधला मजकूरही खरडून टाकायचा. मग बटण दाबलं तरी मशीन ढिम्म. ‘लोक सकाळपासून सीपीयू रिक्षात घालून आणून राहिले होते. सगळे एकच सांगत होते, काल रात्री तर चालू होता.’

वर्षभरानंतर, ४ मे २०००ला, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला आणि खेळ बदलला. ही ईमेल ओळखीच्या माणसाकडून येई. सोबत प्रेमपत्राच्या नावाची फाइल, वरकरणी साधी टेक्स्ट फाइल. तिच्या नावाच्या शेवटी आणखी तीन अक्षरं होती, ‘व्हीबीएस’. म्हणजे ते पत्र नव्हतं, तो चालणारा प्रोग्रॅम होता. पण फाइलच्या नावाचं शेपूट लपवायची विंडोजची मुळातली सवय आहे, म्हणून ती अक्षरं कुणाला दिसली नाहीत. जगभर कारकुनांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी स्वतःच्या हातानं ती फाइल उघडली.

तिथून पुढे व्हायरसनं दार फोडायचं हळूहळू सोडलं आणि तो कडी वाजवायला शिकला.

*

हा बदल अगदी जवळून पाहायचा असेल तर हिंगणा रोडवर, अभियांत्रिकी कॉलेजांच्या बाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या हंगामात उभं राहावं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दहा पोरं, प्रत्येकाच्या मुठीत पेनड्राइव्ह. ‘दादा, प्रोजेक्टच्या दोन कॉप्या, कलर.’ एकच यूएसबीचं तोंड आणि त्यातून दिवसभर सगळ्या वस्तीचे पेनड्राइव्ह आत-बाहेर. साथीच्या दिवसांत एकाच सुईनं सगळ्या गावाला टोचावं तसला हा प्रकार.

पूर्वी विंडोजमध्ये ‘ऑटोरन’ होतं. पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. २००८च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉन्फिकर’नं ही सोय मनसोक्त वापरली. फेब्रुवारी २०११मध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हसाठी ती बंद करून टाकली. दाराला चांगलं कुलूप लागलं. मग आला ‘शॉर्टकट व्हायरस’.

त्याची करामत अशी. पोरगं घरी येऊन पेनड्राइव्ह लावतं. ‘प्रोजेक्ट’ नावाचं फोल्डर जागेवर दिसतं, फक्त त्याच्या कोपऱ्यात बारीकसा बाण असतो. साइज बघितली तर जेमतेम एक-दोन केबी, पण साइज बघतो कोण? हे फोल्डर नव्हेच. हा शॉर्टकट आहे आणि त्याच्या पोटात दोन आज्ञा आहेत: आधी माझा प्रोग्रॅम चालव, मग खरं फोल्डर उघडून दाखव. खरं फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर लपवून ठेवलेलं असतं. पोरानं डबल क्लिक केलं की प्रोजेक्ट उघडतो, सगळं जिथल्या तिथं दिसतं, त्यामुळे संशयाला जागाच उरत नाही. मधल्या अर्ध्या सेकंदात घरचा कॉम्प्युटर बाधित होतो आणि पुढच्या प्रत्येक पेनड्राइव्हला प्रसाद वाटू लागतो.

इलाज अवघड नाही, पण त्याचा क्रम महत्त्वाचा. लोक आधी पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात, तो पुन्हा त्याच मशीनला लावतात आणि ‘परत आला’ म्हणून कपाळाला हात लावतात. आधी मशीन साफ करायचं, मग पेनड्राइव्ह स्कॅन करायचा. त्यानंतर डॉसच्या काळापासून चालत आलेल्या ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेनं लपवलेल्या फोल्डरांवरचा पडदा काढायचा. फाइल्स बहुतेक वेळा शाबूत निघतात. आणि झेरॉक्सवाल्याकडे जाताना घरातला कामाचा पेनड्राइव्ह न्यायचाच नाही. त्या कामापुरता एक रिकामा ठेवायचा, त्यात छापायची तेवढी एकच पीडीएफ टाकायची आणि घरी आल्यावर तो न उघडता पुसायचा.

बाण दिसत होता. साइज दिसत होती. आपण पाहिलं नाही. ‘काहीच केलं नाही’चा अर्थ इथं बदलायला लागतो.

*

आपल्या घरातला एक लॅपटॉप किती दूरवर पोहोचू शकतो, याचे दोन दाखले नागपूरच्याच नावावर आहेत. दोन्ही कोर्टात गेलेले.

पहिला ऑक्टोबर २०१८चा. ब्रह्मोस एरोस्पेसच्या नागपूर केंद्रातल्या एका तरुण अभियंत्याला हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. खटल्यात जे पुढं आलं, ते घरात कॉम्प्युटर असलेल्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. समाजमाध्यमांवर बाईच्या नावानं ओळख झाली, परदेशातल्या चांगल्या नोकरीची गोष्ट निघाली, आणि मुलाखतीच्या निमित्तानं काही लिंका आल्या. त्यांवरून ‘क्यू-विस्पर’, ‘चॅट टू हायर’ आणि ‘एक्स-ट्रस्ट’ अशी तीन अ‍ॅप त्याच्या खासगी लॅपटॉपवर बसली. नावं ऐकून भरती कंपनीचीच वाटावीत. प्रत्यक्षात ती लॅपटॉपमधला मजकूर बाहेर नेणारी होती, आणि त्या लॅपटॉपवर कामाच्या ठिकाणचे गोपनीय कागदही होते.

३ जून २०२४ रोजी नागपूरच्या सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. अपिलात, डिसेंबर २०२५मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याला मुक्त केलं. उरला तो सरकारी गुपिते कायद्यातला, योग्य काळजी न घेतल्याचा दोष. त्याची शिक्षा तीन वर्षं.

जन्मठेप आणि तीन वर्षं यांच्यामधलं अंतर म्हणजे ‘केलं’ आणि ‘काळजी घेतली नाही’ यांच्यामधलं अंतर. ते प्रचंड आहे, पण शून्य नाही. आपल्या भाषेत या दुसऱ्या गोष्टीला नेमका शब्द आहे: हयगय. हयगय करणाऱ्यानं काहीच केलेलं नसतं. त्याच्याविरुद्धची तक्रारही तेवढीच असते.

दुसरा दाखला उलट्या टोकाचा. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८मध्ये अटक झाली. त्यांच्या घरून जप्त केलेल्या हार्ड डिस्कची प्रत बचाव पक्षानं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेला तपासायला दिली. ‘नेटवायर’ नावाच्या प्रोग्रॅमद्वारे हा संगणक सुमारे २० महिने दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात होता आणि काही कागद बाहेरून त्यात आणून ठेवले गेले, असा निष्कर्ष त्या संस्थेनं २०२१मध्ये मांडला. तपास यंत्रणेनं तो मान्य केलेला नाही, आणि खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. लेखाच्या विषयापुरता त्यातला एक धागा पुरे. अहवालाप्रमाणे हा प्रोग्रॅम ईमेलला जोडलेल्या फाइलमधून शिरला, आणि ईमेल ओळखीच्या नावांनी आल्या होत्या.

‘नेटवायर’ काही अद्भुत अस्त्र नव्हतं. दूरचा कॉम्प्युटर सांभाळण्याचं साधन म्हणून ते इंटरनेटवर उघड विकलं जायचं. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं त्याची वेबसाइट ताब्यात घेतली आणि क्रोएशियात एका माणसाला अटक झाली, तेव्हा कुठं ते दुकान बंद झालं. अशा साधनांसाठी घरातला कॉम्प्युटर म्हणजे केवळ कपाट नसतं. कपाटातून चोरी होते. इथं दुसरा कुणी आपल्या खुर्चीत येऊन बसतो: आपला कॅमेरा, आपले पासवर्ड आणि आपलं नावही वापरतो.

मामांचा चोर, अभियंत्याचा चोर आणि वकिलांच्या डिस्कवरचा कथित घुसखोर, तिघांचे हेतू निरनिराळे. वाट मात्र एकच: आपल्याला हवं असलेलं काही तरी घेऊन येणं. फुकटचं सॉफ्टवेअर, नोकरी, ओळखीच्या माणसाचा कागद.

*

मग करायचं काय? दुकानदाराला मी विचारलं, चांगला अँटीव्हायरस कोणता? तो म्हणाला, ‘ताई, पंखा कोणता घेऊ विचारून राहिल्या. खिडकी उघडता का, ते सांगा आधी.’

विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ आधीच बसवलेला येतो. घरच्या वापराला तो पुरेसा आहे, अट एवढीच की तो चालू हवा आणि ताजा हवा. विकतचा घेतला तरी हरकत नाही, पण एकच. दोन पहारेकरी ठेवले की ते एकमेकांच्याच पायात पाय अडकवतात. आणि वर्गणी संपलेला अँटीव्हायरस कोपऱ्यात लाल खूण दाखवत वर्षभर बसला असेल, तर त्याच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा तो काढून डिफेंडर चालू केलेला बरा.

खरी मदार अपडेटवर. १२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’नं दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच वाटलं होतं. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत बाधित मशीनच्या मालकांनी काय केलं? काहीच नाही. ‘नंतर आठवण करा’ दाबलं. मारबतीच्या मिरवणुकीत आपण वर्षातून एकदा ओरडून ईडापीडा गावाबाहेर घालवतो. कॉम्प्युटरची ईडापीडा वर्षभर थांबायला तयार नसते.

याच संदर्भात एक तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे त्या वर्षीच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली होती. विंडोज ११ साधारण २०१८पूर्वीच्या प्रोसेसरवर कंपनी चालू देत नाही. म्हणजे नागपुरातल्या हजारो धडधाकट कॉम्प्युटरांचं वय कागदोपत्री संपलं. त्यांच्यापुढं तीन वाटा आहेत: नवं मशीन घ्यावं, जुन्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट आणि कायदेशीर प्रणाली टाकावी, किंवा ते इंटरनेटपासून तोडून नुसतं टायपिंगला आणि जुनी गाणी ऐकायला ठेवावं. जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करत राहणं ही मात्र वाट नव्हे.

त्यानंतरची कामं घरात बसून अर्ध्या तासात होतात. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ आणि मग ‘शो’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ चालू करावं, म्हणजे नावाचं शेपूट दिसू लागतं. मग ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल आली की सोंग लगेच उघडं पडतं. दुसरं, रोजच्या वापराला साधं खातं ठेवावं आणि अ‍ॅडमिनचं वेगळं. साध्या खात्यातून काही बसवायचं म्हटलं की पासवर्ड मागितला जातो. तेवढ्या अडखळण्यात माणूस विचार करतो. मामांचं एकच खातं होतं, तेच अ‍ॅडमिन, आणि प्रत्येक चौकटीला ‘यस’ म्हणायची बोटाला सवय. तिसरं, क्रॅक नको. फोटोसाठी, पीडीएफसाठी, ऑफिससाठी फुकट आणि सरळमार्गी पर्याय आहेत, लिब्रे ऑफिस हा त्यातला एक.

भीती विकणारे वेगळे. ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो आणि एक आवाज सांगतो की तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, या नंबरवर फोन करा. तो व्हायरस नसतो, ते फक्त एक वेबपान असतं. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की भोंगाही थांबतो. फोन केला, पलीकडच्यानं सांगितल्याप्रमाणे पडदा दाखवणारं अ‍ॅप बसवलं, की मात्र खरा चोर आत. व्हायरस सापडल्यावर कुठलीही कंपनी पडद्यावर स्वतःचा फोन नंबर झळकवत नाही.

*

एवढं करूनही घात झालाच, तर पहिली पाच मिनिटं मोलाची. आधी वाय-फाय बंद, केबल काढा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क ओढून काढा. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून, कारण क्रॅकबरोबर पासवर्ड चोरणारा जोडीदारही बऱ्याचदा येतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही हेल्पलाइन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आला तरच हाती लागतो. बँकेला कळवायलाही वेळ लावू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमाप्रमाणे चूक ना ग्राहकाची, ना बँकेची, तर बाहेरच्या कुणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला झळ बसत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं त्याला. कायद्यातही हयगयीची किंमत वेगळी मोजलेली आहे ती अशी.

सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर, फेब्रुवारी २०१७पासून, व्हायरस काढायची साधनं मोफत मिळतात. कुलूप लावणाऱ्या व्हायरसच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर शोधता येतात. युरोपातल्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी ते २०१६मध्ये सुरू केलं. खंडणी मात्र देऊ नये. पैसे घेऊन किल्ली देण्याचं वचन चोराचं असतं.

*

मामांच्या बाबतीत दुकानदारानं शेवटी त्या चिठ्ठीतला ओळख क्रमांक पाहिला. या जातीत क्रमांकाची अखेर ‘टी-वन’नं झाली तर आशा असते. म्हणजे चोराच्या सर्व्हरशी संपर्क न झाल्यानं सगळ्यांना तीच ती किल्ली लागलेली असते आणि ती कधी ना कधी सापडते. मामांच्या क्रमांकाची अखेर तशी नव्हती. त्यांची किल्ली फक्त त्यांच्यासाठी घडवलेली होती.

पण हा व्हायरस घाईचा. मोठ्या फाइलच्या फक्त सुरुवातीच्या सुमारे दीडशे केबीला तो कुलूप लावतो. फोटोचा त्यात निकाल लागतो, लांबलचक व्हिडिओचा लागतोच असं नाही. आठ दिवसांनी माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ परत मिळाला. सुरुवातीचे काही क्षण गेले, मंगलाष्टकांसकट पुढचं सगळं आहे. आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो गेले. मामींनी त्यातले अकरा कधी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, तेवढे उरले. मोठे करून पाहिले की आजीचा चेहरा फुटतो.

‘ठेवाचा का उडवाचा?’ दुकानदारानं पुन्हा विचारलं, कुलूपबंद फोटोंबद्दल. मामा म्हणाले, ‘ठेव. किल्ली सापडली कधी तर.’ ते फोल्डर एका जुन्या डिस्कवर घालून त्यानं वर तारीख लिहून दिली.

मामांनी एक नवी बाहेरची हार्ड डिस्कही घेतली. ती कॉम्प्युटरला लावलेली नसते. गोदरेजच्या कपाटात, घराच्या नोंदणीच्या कागदांजवळ, जुन्या हातरुमालात गुंडाळून असते, कारण लावून ठेवलेल्या बॅकअपलाही तेच कुलूप बसतं. दर महिन्याला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की मामा ती काढतात, जोडतात, नवं सगळं उतरवतात आणि परत रुमालात बांधून ठेवतात. मग मला व्हॉट्सअ‍ॅप येतो. हालहवाल नाही, नमस्कार नाही, एकच शब्द असतो.

‘केलं.’